गवत कोण कापतंय

पहिल्या सीझनला आपण दोघी एकाच वाकळेत होतो, कुशावर्ता.
एक मोबाईल, काच कोपऱ्यात तडकलेली,
एका वायरची दोन टोकं : डावा कान तुझा, उजवा माझा.
अंगणात शिजवलेली हळद पसरलेली,
स्क्रीनवर आपल्या बोटांचे पिवळे ठसे.
सासऱ्यांचा खोकला ऐकू आला की फोन पोटाशी धरायचो
आणि मुडदे आपल्या पोटात गुरगुरायचे.

ती मुकी पोरगी तळघरातून वर आली
आणि तिनं आईला ओळखलं नाही, तेव्हा
तू दोन दिवस जेवली नाहीस.
घरात सगळ्यांना वाटलं, दिवस गेले.
मी काही बोलले नाही.

नावं आपणच ठेवली होती.
टोपीवाला तो नाना, कुऱ्हाडवाली ती करडी,
आणि मुडद्यांना म्हणायचो पाव्हणे.
"पाव्हणे आले गं, दार लाव."
वसमतच्या बाजारात कुणी पाय ओढत चाललेलं दिसलं
की तू मला कोपरानं ढोसायचीस,
पदर तोंडात कोंबून आपण भाजी घ्यायचो.

चौथ्यापर्यंत बरं होतं.
पाचव्यात नाना विहिरीत पडून मेला, आपण रडलो.
सातव्यात तो हसत परत आला,
म्हणे, आत एक कपार होती.
मी त्या रात्री तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे,
आणि दोघींनीही कपारीबद्दल काही विचारलं नाही.
मधेच कधीतरी करडीचा आवाज बदलला,
हिंदी बोलणारी बाई दुसरी आणली असणार,
पहिलीनं पैसे वाढवून मागितले असतील.
मग दर वर्षी नवा सरदार, नवं कुंपण, नवं हत्यार,
भाषण मात्र झेडपीच्या निवडणुकीतलं.
आता एका भागात चाळीस माणसं फाडून खातात
आणि मी तुरीच्या डाळीतले खडे निवडत असते.
एकही खडा सुटत नाही.

तू चाकणला गेलीस त्याला चार वर्षं झाली.
शनिवारी तुझी शिफ्ट सुटली की
तू तिकडे लावतेस, मी इकडे, फोन स्पीकरवर.
तुझं चित्र माझ्या चार सेकंद पुढे.
आधी तू किंचाळलीस की मी डोळे मिटून घ्यायचे,
कळायचं, काहीतरी येतंय.
आता तू जांभई देतेस
आणि चार सेकंदांनी माझ्याकडे कुणीतरी मरतं.

आपलं बोलणंही तसंच झालंय गं,
निम्मा वेळ मागच्या भागात काय झालं तेच :
नळाला पाणी कितव्या दिवशी, तुझ्या दिराचा गुडघा,
खोलीचं भाडं, मुकादमाची नजर.
नजरेचं तू एकदाच बोललीस, सहा महिन्यांपूर्वी.
मी विचारलं तेव्हा म्हणालीस, थांब, सुरू झालं.

आजचा अकराव्यातला शेवटचा.
शंभर पाव्हणे एका बंगल्यासमोरून चाललेले,
बंगल्यापुढे हिरवंगार गवत, एकसारखं, कंगवा फिरवल्यासारखं.
"आक्का," तू म्हणालीस,
"अकरा वर्षं झाली जग बुडून. गवत कोण कापतंय?"
मी हसले, तू हसलीस,
तू इतकी हसलीस की शेजारच्या खोलीतून भिंत ठोकली कुणीतरी.
तेवढ्यात करडी मेली. ते राहून गेलं बघायचं.

शेवटी पाटी आली,
आता यातून तीन नवीन मालिका निघणार.
"मरंना गेलंय की गं हे," तू म्हणालीस,
"कामून बघायलोत आपण?"

मी डाळीचं ताट बाजूला सरकवलं.
उत्तर असं काही नव्हतं माझ्याकडे.
नाव पळायला लागली तिकडे, तुझी बांगडी वाजली,
बटणाकडे हात गेला असणार.

ठेवू नकोस, कुशे.
तुझ्याकडे संपलं असेल.
माझ्याकडे अजून चार सेकंद आहेत.