कारण (दीड ओळीत लिहावे)

तुर्भ्याच्या आमच्या कॉलेजात
खिडकी क्रमांक तीनच्या आत मी बसतो.
बाहेर पाटी : गैरहजेरी माफी.

माफी.
एकोणीस वर्षं हा शब्द शिक्क्याने उमटवतोय
निळ्या शाईत, जरा तिरका,
आणि अजून एकही गुन्हेगार खिडकीशी आलेला नाही.

येतो बबन शेडगे, कांदा-बटाटा बाजारातून.
रात्रभर पाठीवर गोणी, सकाळी सात-वीसला अर्थशास्त्र.
मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर
त्याचं डोकं टेकतं नेमकं तिथे
जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात.
सर म्हणतात, झोपला.
मी म्हणतो, समतोल साधला.
हजेरी एकसष्ट टक्के.

येते नाझनीन मुकादम, मुंब्र्याहून,
कडेवर आठ महिन्यांचं कारण.
ते माझा शिक्का उचलतं, तोंडात घालतं,
ओठ निळे.
त्याच्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

दिवाळे गावच्या कुंदाताई कोळी, वय बावन्न,
समाजशास्त्र, पहिलं वर्ष.
त्यांचं वेळापत्रक तिथीवर चालतं, आमचं घंटेवर.
"तुमच्या सरांना सांगा, अष्टमीला शिकवा.
तवा भांगाचं पानी, मी मोकली."
हे कारण दीड ओळीत बसलं.
वर पाठवलं. परत आलं :
तिथी ग्राह्य नाही.

आणि ईशान रोकडे, जो एकही दिवस चुकला नाही.
पहिल्या बाकावर, रोज.
हजेरी शून्य.
त्याने मोबाइलवर लिहून काचेला लावलं :
नंबर तोंडाने पुकारतात. मला ऐकू येत नाही.
मी वाचलं,
आणि माझ्याच तोंडातून निघालं, "काय?"

आता परिपत्रक आलंय.
'लवचीक' हा शब्द तीनदा, एकदा चुकीच्या वेलांटीने.
पुढच्या जूनपासून संध्याकाळी शिका, शनिवारी शिका, घरून शिका,
मध्येच थांबा,
थांबलात तरी झालेलं जमा राहील
आणि याल तेव्हा पुढचं जोडता येईल.
स्टाफरूममध्ये सोहोनी बाई विचारतात,
मग वर्ग म्हणजे काय उरलं?
प्रश्न खोटा नाही.
डबा खाताना मी त्याच्याभोवती फिरतो, उत्तर सापडत नाही.
शेजारच्या कँटीनवाल्याला विचारलं तर म्हणाला,
भूक लागेल तेव्हा जेवतात लोक, ताट तेच असतं.
त्याचंही पूर्ण पटलं नाही. ताट थंड होतं.

माझीही दोन वर्षं कुठेतरी जमा असतील का?
दिघ्याच्या कारखान्याला टाळं लागलं त्या जूनमध्ये
रसायनशास्त्राची वही बंद केली होती,
पान अर्धं, पेन्सिल आत.
कुणाला विचारावं? खिडकी क्रमांक तीनवर
तर मीच बसतो.

नवा फॉर्म करायचं काम माझ्याकडे आलंय.
'कारण' या शब्दाखाली किती ओळी ठेवाव्यात?
तासभर संगणकावर ओळी वाढवतोय, कमी करतोय.
मग सरळ प्रश्नच बदलला :
तुम्हाला कधी जमेल?

काल शेडगेच्या अर्जातून कांद्याचा पापुद्रा निघाला,
दोन पानांमध्ये, खूण म्हणून ठेवलेला,
गुलाबी, इतका पातळ
की त्याखालचं 'माफी' वाचता येत होतं.
फायलीला लावताना असलं काही काढून टाकायचं असतं.
मी टाचणी मारली,
त्याच्यासकट.