पूर्ण एक मिनिट

अर्ध्या मिनिटाचे ठोके मोजून दुप्पट करायचे नाहीत.
हे मला मिरजेत शिकवलं सिस्टर ढालेंनी,
स्टेथोस्कोपची गार चकती आधी स्वतःच्या तळहातावर घासत.
हृदय लबाड असतं, म्हणायच्या,
पहिले तीस सेकंद शहाण्यासारखं वागतं.

इथे न्यूकॅसलमध्ये सगळे मला शेव म्हणतात.
शेवंता त्यांच्या जिभेवर पुरती मावत नाही.
शेव म्हणजे काय, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
रात्री कुणी हाक मारली
की मला आधी भूक लागते, मग मी धावते.

मोठ्यांचा वॉर्ड आणि मुलांचा वॉर्ड,
मधे एकच दार, ढकललं की कण्हतं.
या बाजूला होते मिस्टर रिडली, एकोणऐंशी वर्षांचे,
टाइनकाठच्या गोदीत त्यांनी चाळीस वर्षं
जहाजांचे पत्रे वेल्ड केलेले.
सकाळी सहाला, चहाच्या आधी, त्यांना काट्यावर उभं करायचं.
परवा ब्याऐंशी. काल साडेत्र्याऐंशी.
दीड किलो, सगळं पाणी.
नडगीवर अंगठा दाबला की कणकेत पडावा तसा खळगा,
आणि तो भरून येईपर्यंत
आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसायचो.

"गळती सापडली का, पेट?" ते विचारायचे.
(पेट म्हणजे इथे बाळ, लाडके, काहीही. पोटाशी संबंध नाही.)
गळती नाही, पंप थकलाय, मी सांगायची.
ते मान डोलवायचे. पंप त्यांना कळायचा.
उशीखाली खारट चिप्सचं पाकीट आहे,
हे मलाही कळायचं.

दाराच्या त्या बाजूला नेल. सहा वर्षांची.
ऑपरेशनआधी तिचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे असायचे.
ही उपमा इथे द्यायची कुणाला?
चार्टवर लिहायचे: ऑक्सिजन, अठ्ठ्याहत्तर टक्के.
आता ओठ ओठांच्या रंगाचे आहेत.
खोकला आला की ती कापडी अस्वल छातीशी गच्च धरते,
म्हणजे कमी दुखतं.
अस्वलाच्या छातीवरही मी एक पट्टी चिकटवलीय.
तिची बदलली की त्याचीही बदलावी लागते,
आणि त्याला आधी विचारावं लागतं.
आई खुर्चीत झोपते, बूट घालूनच.
अकरा रात्री झाल्या.

"तुझ्या भाषेत हार्टला काय म्हणतात?"
माझी सलग तिसरी रात्र, पहाटेचे चार.
पलंगामागच्या पांढऱ्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं
आणि पळाले, कारण पलीकडे घंटा वाजत होती.

ती रिडलींची होती.
त्याबद्दल मी फार लिहिणार नाही.
त्यांनी स्वतःच आठवड्यापूर्वी सही केली होती:
छाती दाबू नका. पत्रा जुना झालाय, म्हणाले होते.
मी हात धरला. डेनीसनं दुसरा धरला.
मग कोमट पाण्यानं पुसून काढताना
आम्ही सांगत राहिलो, सवयीनं,
आता उजवा हात उचलते हं, मिस्टर रिडली,
आता जरा कुशीवर.
सहाच्या वजनाचा रकाना कोरा.
चिप्सचं पाकीट वस्तूंच्या पिशवीत, यादीत नोंद करून.
अर्धं भरलेलं, असं लिहिलं मी.
का लिहिलं कुणास ठाऊक.

दार ढकललं तेव्हा खिडकीत उजाडलं होतं.
नेलनं फळ्यावरचा शब्द कागदावर उतरवून
चिकटपट्टीनं अस्वलावर लावला होता.
रेघ न रेघ बरोबर. चूक माझीच.
लिहायचं होतं काळीज,
माझी वेलांटी एक घर पुढे सरकली होती.
अस्वलाच्या छातीवर, लाल खडूत: काळजी.

खिशातून पेन काढलं.
परत ठेवलं.
चकती तळहातावर घासली, तिच्या छातीवर टेकवली,
घड्याळाकडे बघितलं.

एकेचाळीस, बेचाळीस,
"किती झाले, शेव?"
बोलू नकोस, राणी. मोजणी चुकेल.
अजून अर्धं मिनिट आहे.