सूरला य जोडला की

आमच्या गावाचं नाव सूर.
गाण्यातला नव्हे, ओमानमधला.
इथे अजून लाकडी गलबतं बांधतात
आणि जूनमध्ये दुपारी नळाखाली हात धरला
तर हात पोळतो.

शुक्रवारी आई मराठी शिकवते.
म्हणाली, "सूरला य जोड बरं."
मी जोडला.
र चा झाला रफार
आणि टुणकन य च्या डोक्यावर जाऊन बसला.
सूर्य!
बाबा म्हणाले, "बघ, र सुद्धा छपरावर चढला,
माझ्या पॅनेलसारखा."

बाबा समुद्राकाठचे दिवे सांभाळतात.
प्रत्येक दिव्याच्या डोक्यावर एक निळीकाळी पाटी.
दिवसभर ती उजेड गोळा करते,
त्याची वीज बॅटरीत भरून ठेवते,
जसा मुरांबा बरणीत,
आणि अंधार पडला की चमचा चमचा वाढते.
धुळीचं वादळ येऊन गेलं
की पाटीवर वाळूची साय धरते.
दिवा उपाशी राहतो, पहाटेआधीच पेंगतो.
मग बाबा शिडी घेतात, फडकं घेतात,
त्याचं तोंड पुसून देतात.

माझ्या कॅल्क्युलेटरला सेल नाही.
कपाळावर चार काळ्या खिडक्या आहेत.
त्यांवर अंगठा ठेवला की आकडे फिके, फिके, गायब.
उत्तर चुकलं असेल तर
हे फार सोयीचं पडतं.

पण मला सांगायचंय ते फुलाचं.

आमच्या गाडीत, पुढच्या काचेपाशी
प्लॅस्टिकचं सूर्यफूल आहे.
दिवसभर मान डोलवतं: हो, हो, हो.
"आज शाळेला दांडी मारू?" हो, हो.
"दोन आइस्क्रीम?" हो, हो, हो.
निहारला, म्हणजे माझ्या पाच वर्षांच्या भावाला,
त्याची दया आली.
"किती उकडत असेल त्याला!"
त्यानं फूल गुपचूप आणलं
आणि ठेवलं फ्रिजमध्ये,
दह्याच्या शेजारी.

संध्याकाळी घरभर भोकाड.
"फूल गारठून मेलं असेल!
आणि मीच मारलं!"
आईनं फ्रिजचं दार उघडलं.
आतला दिवा लागला.
फूल क्षणभर गप्प,
मग हळूच, झोपेतून उठल्यासारखं,
हो.
हो, हो.

निहार रडायचा थांबला.
मी दार लावलं, उघडलं, लावलं, उघडलं,
आई ओरडेपर्यंत.
गार होतं तरी डोलत होतं!

बाबांनी फुलाची कुंडी उलटसुलट करून दाखवली.
तिच्यावर नखाएवढी पट्टी.
"ही सिलिकॉनची. सिलिकॉन वाळूतून काढतात."
आम्ही खिडकीबाहेर बघितलं.
वाळू. मग आणखी वाळू.
"पट्टीवर उजेड पडला
की आतले इलेक्ट्रॉन पळत सुटतात,
डोळ्यांना न दिसण्याइतके बारके.
त्या पळण्यालाच वीज म्हणायचं.
त्यांना ऊब नको, उजेड हवा.
फार तापली तर पट्टी उलट थकते, तुमच्यासारखी."

"मग ऊब कुणाला हवी?"
"गच्चीवरच्या टाकीला विचार."
टाकीला कुणी बोलावलं नव्हतं,
तरी ऊन तिच्यात जाऊन बसतं.
म्हणून उन्हाळ्यात आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि गार पाणी गीझरच्या नळातून घेतो!
हे सांगितलं तर
साताऱ्याच्या आत्याला खोटं वाटतं.

रात्री खमीसकाका होडी घेऊन निघाले.
खमीस म्हणजे गुरुवार; ते गुरुवारी जन्मले.
त्यांच्या जाळ्याला एक तरंगता दिवा आहे,
त्याच्याही डोक्यावर तसलीच पाटी.
काळ्या पाण्यात तो लुकलुकला,
विझला, लुकलुकला.

"ते दुपारचं ऊन आहे," मी निहारला म्हटलं,
"आत्ता खर्च होतंय."

निहारनं खिशातून फूल काढलं,
खिडकीत ठेवलं, तोंड पूर्वेकडे करून.
"उद्या लवकर उठशील ना?"

अंधार होता.
फूल काहीच बोललं नाही.