ढेमशाचा पास

गेटवर पोलीस म्हणाले, पास पाच जणांचे,
हा सहावा कोण?
रोबो, म्हटलं.
नाव?
गुंजननं खरं ते सांगून टाकलं : ढेमसं.

गोल आहे, दाराचा उरलेला हिरवा रंग फासलाय,
आणि पहिल्या घासाला कोणालाच आवडत नाही,
म्हणून.

रजिस्टरात वर छापलं होतं, रकाने रिकामे सोडू नयेत.
वडिलांचं नाव?
मी हळूच म्हटलं, निखाडे सर.
त्यांनी लिहिलंही.

डिसेंबरात आमचं शहर
इस्त्रीचा शर्ट घालून बसतं दोन आठवडे.
झाडांच्या पायांना चुना, खड्ड्यांना डांबर,
आणि आम्हाला, आत, कॅन्टीनच्या वाटेवर
एक टेबल. वेळ दहा ते साडेअकरा.

ढेमशाचा पंजा म्हणजे मोहनीशच्या घरच्या बंद मागाचा धोटा,
मधोमध कापलेला.
मोटर भंगारातल्या ऑटोच्या वायपरची.
स्पर्धेतले चेंडू महाग, म्हणून सराव संत्र्यावर,
सवय तीच.

पहिले साहेब थांबले. हे काय करते?
संत्रं उचलते सर, टोपलीत टाकते.
संत्रं तर आमचा पोट्टाही उचलते, म्हणाले,
मागचे चौघं हसले,
आणि आमचं पाठ केलेलं वाक्य
(शाळेशाळेत प्रयोगशाळा, शनिवारी दोन तास, कुलूप नसलेली)
तौसीफच्या तोंडातच राहिलं.

मग एक बाई आल्या. साडी सावरून सरळ फरशीवर उकिडव्या बसल्या.
धोटा ओळखला. बोट फिरवलं त्यावर.
चूक झाली तर कळते कशी गं?
मी म्हटलं, मशीन सांगते, अमुक ओळीत चूक.
पण चुकलेलं असतं बरंच वर,
भलतीकडेच.
त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, हे तुला नववीतच कळलं,
आणि निवेदनाची प्रत मागून घेतली,
घडी न घालता.

तिसऱ्या साहेबांपुढे ढेमसं छान वागलं.
वळलं, वाकलं, उचललं,
आणि साहेबांनी ते पंजातून काढून घेतलं,
सोललं,
खाल्लं.
गोड आहे, म्हणाले.
साल आमच्या दुसऱ्या निवेदनावर ठेवली.
तेवढ्यात घंटा वाजली, सगळे आत धावले.
एकच संत्रं आणलं होतं आम्ही.

निखाडे सर यायचे होते सोबत.
पासावर त्यांचं नाव होतं, पाचवं.
पण आज त्यांचाही दिवस होता :
यशवंत स्टेडियमच्या मंडपात,
विनाअनुदानितचं चौदावं वर्ष, डोक्यावर कागदी टोपी.
ते विज्ञान शिकवतात सकाळी,
संध्याकाळी विम्याचे फॉर्म भरतात लोकांचे.

आम्ही ढेमसं घेऊन तिकडेच गेलो, पायी,
आळीपाळीनं उचलत, मुंजे चौकापासून पुढं
मोहनीशच्या बॅगेचा पट्टा तुटला.

काय म्हणाले बे? सरांनी विचारलं.
गोड आहे म्हणाले, सर.
सर हसले, मग हसायचे थांबले,
मग म्हणाले, लावा बॅटरी.

ताडपत्रीवर जागा झाली.
ढेमसं वळलं, वाकलं,
समोर काहीच नव्हतं,
तरी पंजा मिटला, वर गेला,
टोपलीवर थांबला, उघडला.
सगळं बरोबर केलं त्यानं.
पुढच्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.
मागून कोणीतरी ओरडलं, दिसलं नाही, पुन्हा करा.

मोहनीश कानाशी म्हणाला,
हातात काही आलं का नाही हे कळायला
एक सेन्सर लागतो बे. दीडशेचा.

सरांना ऐकू गेलं.
त्यांनी मागण्यांचं पत्रक उलटं केलं
आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं :
सेन्सर, एक.