कवड्या दहा, बटण एक

परळच्या इस्पितळात, तळमजल्याच्याही खाली,
अठरा वर्षं मी हत्यारं उकडते.
कात्र्या, चिमटे, पोट उघडं धरायच्या वाकड्या पळ्या.
एकशे चौतीस डिग्री वाफ, हिरवं फडकं, वर चिकटपट्टी.
पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या झाल्या की हत्यार शुद्ध.
सही करायची. पुढचं.

चांगुणा आत्याकडे पट्टी नव्हती.
भांडुपच्या टेकडीवर, पाण्याच्या पाइपाला टेकलेली खोली.
दिवसा पोरं ओरडायची, चेटकीण गं चेटकीण,
आणि रात्री त्याच पोरांच्या आया मागल्या दाराशी,
पदराखाली तापलेलं लेकरू.

आषाढात ती गेली. तिचा डबा माझ्याकडे आला,
रिक्षात बसून, एकटाच.
मीटरचे पैसे मी दिले.

आज अवस.
रात्रपाळीची झोप मोडून छोट्या जाहिरातींचं पान पसरलं,
त्यावर मांडली शिंगाच्या मुठीची सुरी,
जिने आजवर कांदासुद्धा कापला नाही;
काशाची वाटी, आतून काजळलेली;
आणि कवड्या अकरा. मोजल्या. दहा.
अकरावीच्या जागी शर्टाचं बटण,
पांढरं, चार भोकांचं.
कुणाच्या शर्टाचं गं, आत्या?

राख हवी. गॅसच्या घरात राख कुठली.
कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या रामसूरतकडून आणली
वाडगाभर, कोळशाची. भांडी घासायचीत, म्हटलं.
खोटं कुठे होतं?

चिंच चालते. मीठ नाही, मिठाने रुसतात.
वाटी फक्त बाहेरून, आतलं काजळ तिचं तिला.
सुरी मुठीकडून टोकाकडे,
आणि घासताना कुणाचं नाव मनात येऊ द्यायचं नाही.
हेच अवघड. हात गुंतले की नावं येतातच.
गावचं घर परस्पर विकणारा दीर आला.
सुरी खाली ठेवली, हात धुतले, पुन्हा पहिल्यापासून.
तीनदा.

इस्पितळात कुणी विचारत नाही,
उकडताना मनात कोण होतं तुझ्या.

चौथ्यांदा नळाखाली पातं धरलं
तर त्यात खिडकीचं ग्रिल, ग्रिलमागे समोरचा टॉवर.
मी मजले मोजत बसले,
सव्विसाव्याला चुकले,
तोवर सुरी लख्ख झालेली.

तुझा विश्वास आहे का यावर? सिस्टर गोन्साल्विस विचारेल उद्या,
तिला सगळं सांगते मी.
माहीत नाही. मला फक्त
अर्धवट घासलेलं हत्यार बघवत नाही.

सातला खालच्या मजल्यावरची हर्षला येणार आहे.
तेरा दिवस झाले, दिवेलागणीला तिचं बाळ किंचाळतंय.
तिला बजावलंय, डॉक्टर सोडायचा नाही.
आत्याही मागल्या दारातच सांगायची,
आधी औषध, मग मी.

कामावरून आणलेलं हिरवं फडकं, रद्दीत काढलेलं.
चार कोपरे आत, आमच्या पद्धतीने.
पट्टीसुद्धा लावली. रेघा फिक्याच राहणार, ठाऊक होतं.
सवयीने पेन काढलं.
सुरी एक. वाटी एक. कवड्या दहा. बटण एक.
तारीख.
सहीपाशी अडले. ती अंगठा लावायची,
रेशनला, बँकेत, सगळीकडे.
माझ्या अंगठ्याला वाटीचं काजळ होतंच.

बेल वाजली.
अजून साडेसहाच झालेत.