भुलीच्या अलीकडे

"थंड लागतंय का इथं?"
भुलीचे डॉक्टर स्पिरिटचा बोळा
मांडीला टेकवून विचारत होते.
नाही.
"इथं?"
नाही.
बेंबीशी नाही, बरगडीखाली नाही.
मग बोळा छातीवर आला
आणि मी म्हणाले, लागतंय.

म्हणजे तिथवर मी होते.
तिथून खाली टेबलावर जे पडलेलं
ते हिंगोलीच्या सरकारी दवाखान्याचं,
हिरव्या पडद्यापलीकडचं.

पडद्याआड बोलणं चालू होतं:
लाईट जरा डावीकडं,
बोळे मोजा,
औंढ्याचा रस्ता कधी होणार कुणास ठाऊक.
कुणी गाठोडं सोडावं तशी ओढाताण,
दुखणं नाही.

पाच वर्षांमागंही असंच.
तेव्हा पोरगी दाखवली लांबून,
कापडात गुंडाळलेली,
पावती दाखवावी तशी,
आणि नेली.
दिवेलागणीला कुशीत आणून ठेवली
तोवर तिला आजीच्या लुगड्याचा वास लागलेला.
मी तिचा हात हुंगला
आणि कुणाचं लेकरू, असं विचारता विचारता राहिले.

या वेळी खिल्लारे सिस्टर म्हणाल्या,
"पुसून तसंच द्या इकडं."
गाऊनचे बंद सोडले,
उघडं लेकरू गळ्याखाली आडवं ठेवलं.
मपला एक हात सलाईनला, दुसरा बीपीच्या पट्ट्यात.
त्यांनीच एक सोडवला
अन् त्याच्या पाठीवर नेऊन ठेवला.

एसीनं मी थडथडत होते.
ते ओलं, गरम, काखेत पांढरं चिकट.
वास कशासारखा, सांगता यायचं नाही,
कशासारखाच नाही.
रडता रडता गप झालं.
मी घाबरले.
"थांबा बाई," सिस्टर म्हणाल्या,
"ओळखू द्या त्याला."

पलीकडं टाके चालले होते, त्यांचे त्यांचे.
अलीकडं त्यानं एक गुडघा दुमडला,
रेटा दिला,
बोटभर वर सरकलं, तोंड उघडून.
दातावर दात वाजायचे कधी थांबले कळलं नाही.
"मपलंच हाय ना?" मी उगंच विचारलं.
"नंबर बघा की पायातला,"
म्हणून त्या हसल्या.

रात्री भूल उतरली.
पाय आले, पोट आलं,
दुखणी आली एकेक करून
चुकलेल्या शेळ्या घरी याव्यात तशी.
मोजलं तर एक कमी वाटली.

सकाळच्या एसटीनं कळमनुरीहून तनू आली, आजीसंगं.
केसांत धूळ. दारातच उभी.
बाळाकडं बघंना, मपल्याकडं बघंना.
"मायला हात लावू नको, टाके हायेत," आजी म्हणाली.

मी बाळाला डावीकडं घेतलं,
उजवीकडचा पदर काढला.
"ये. फ्रॉक काढून ये."
"कामून?"
"तुझं राह्यलंय."

एसटीच्या गजाला टेकून आलेला गाल
तिनं हळूच छातीवर ठेवला.

थंड लागला.