इतिवृत्तात नसलेलं

सोहार. मंगळवार. दुपारची नमाज आटोपून
डॉक्टर याकूब परत आले, एसीचा आकडा दोनने उतरवला,
म्हणाले, घरत मॅडम, पुढचं नाव.

पुढचं नाव इरेशा. आडनाव लांबलचक, श्रीलंकेकडचं,
लिहिताना दोनदा खोडलं मी.
पद : कनिष्ठ संशोधक.
विषय : टिकाऊ अभियांत्रिकी तंत्रज्ञान.
मुदत : दोन वर्षं.
एकाच कागदावर टिकाऊ आणि दोन वर्षं.
टाइप मीच केलं होतं,
ज्या बोटांनी सोळा वर्षांत आठ वेळा
माझा स्वतःचा करार भरला
त्याच बोटांनी.

तिच्याआधीच्यानं बेचाळीस चित्रं दाखवली होती.
त्यात वाळूचं काय काय झालं, विचारू नका.
त्याच्याआधीच्यानं बसायच्या आत
घरभाडं भत्ता विचारला.
हिचा लॅपटॉप आमच्या पडद्याशी बोलेचना.
वायर कुठल्याच भोकात बसेना.
मग ती उठून खिडकीशी गेली.

तिकडे, बंदराच्या पलीकडे, ती म्हणाली,
गोडं पाणी काढून घेता तुम्ही
आणि उरलेलं दुप्पट खारं समुद्राला परत करता.
समुद्र घेतो. बोलत नाही काही.
मला ते त्याला द्यायचं नाहीये.

पिशवीतून रुमाल, रुमालातून वीट.
साबणाच्या वडीएवढी, राखाडी,
एका कोपऱ्याला टवका उडालेला.
त्या खाऱ्यातल्या उरल्यासुरल्याची,
भट्टीतली राख मिसळून केलेली.

वीट टेबलावरून फिरली.
याकूबनी वजन केलं तळहातावर.
हेन्ड्रिकबाबांनी नखानं टोकरली.
माझ्याकडे ती चुकून आली,
टिपणं घेणाऱ्या बाईकडे कोण कशाला देईल,
आणि मी विचार करायच्या आत
बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

कडू.
मीठ नव्हे, मिठाच्या मागे राहतं ते कडू.
आमच्या उरणला, दुसऱ्याच्या आगरावर,
बाबा असंच चाखायचे. थुंकायचे. म्हणायचे,
ही गोणी पाझरणार.

ही घाम सोडेल, मी म्हणाले. ऑगस्टमध्ये.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
सोळा वर्षांत त्या खोलीत मी
चहा किती, साखर किती,
याखेरीज काही विचारलं नव्हतं.

सोडते, इरेशा म्हणाली.
तेच सुटत नाहीये अजून. तिथेच अडलेय.
आणि हसली, पकडलं गेल्यासारखी नव्हे,
कुणीतरी आपल्या गावचं भेटल्यासारखी.

ती गेल्यावर वादावादी.
चित्रवाल्याचे निबंध जास्त आहेत.
हिची वीट ओली होते, हे तिनंच कबूल केलं.
याकूबनी काहीच न बोलता
खिडकी उघडली, दमट भपकारा आत घेतला,
वीट बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली. उद्या बघू.

इतिवृत्तात मी लिहिलं : नमुना सादर केला.

सकाळी सव्वासातला मी पोचले, कुणीच नव्हतं.
विटेखाली ओलं वर्तुळ,
कपबशी ठेवल्यावर उमटतं तसं.
फडकं हातातच होतं, रोजचं, टेबलं पुसायचं.
एक हात फिरवला असता तर
वीट कोरडी, कट्टा कोरडा, पोरीची नोकरी पक्की.
आमच्या आगरावर आता कंटेनर उभे आहेत.
ओल झाकून काय राहिलं आमचं?

फडकं मी आत नेऊन ठेवलं.

याकूब आले. वाकून पाहिलं.
इकडेतिकडे बघत बोट लावलं, चाखलं,
तोंड वाकडं केलं. मुर्र, म्हणाले.
मग खूप वेळ तसेच उभे राहिले.
हिनं खोटं नाही सांगितलं, म्हणाले. पत्र तयार करा.

पत्र तयार करते आहे.
नाव बरोबर आहे, तीनदा ताडून पाहिलं.
मुदत या शब्दापुढे
रेघ लुकलुकते आहे केव्हाची.
मला ठाऊक आहे तिथे काय लिहायचं असतं.
तेच लिहिते.
विटेला मात्र, कुणाला न विचारता,
माझ्या खणात जागा केली आहे,
खाली जाड कागद घालून.